हाताचा रंग

लाचखोराला पकडल्याची बातमी आपल्याकडे अधूनमधून येतच असते, आणि तिच्यात एक शब्द हमखास असतो: रंगेहाथ. वाचणारा तो वाचतो आणि पान उलटतो. त्या शब्दात खरोखरीचा रंग असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सापळा लावताना तक्रारदाराकडच्या नोटांना आधी फिनॉल्फ्थॅलिनची भुकटी चोळतात. ती पांढरी असते, नोटेवर दिसूनही येत नाही. हे सगळं दोन पंचांसमोर होतं. मागितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, मधल्या वेळात कुणाच्या हातात हात द्यायचा नाही, असं तक्रारदाराला बजावून ठेवलेलं असतं. नोटा पोचतात, ठरलेली खूण होते, पथक आत शिरतं आणि त्या माणसाला दोन्ही हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायला लावतं. मघाशी नितळ असलेलं पाणी गुलाबी होतं. ते बाटलीत भरतात, सील करतात, वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावतात आणि प्रयोगशाळेकडे पाठवतात. महाराष्ट्रात पुष्कळदा अँथ्रासीनची भुकटीही वापरतात. तिचे डाग अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात.

लाच देण्याला आपण ‘हात ओले करणं’ म्हणतो. तेच हात पुन्हा ओले केल्यावर रंग फुटावा, ही त्या रसायनाची किमया मला फार विलक्षण वाटते.

मी शिरढोणला राहते. पळस्पे फाटा ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं, आणि पुढे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आभाळात उभा असतो. संध्याकाळी काही मुलं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. इंग्रजीतली जोडविशेषणं चालली होती. ‘रेड-हँडेड’ आलं, आणि एका मुलीने विचारलं, काळा पैसा, काळा बाजार, काळी यादी, सगळं वाईट काळं असतं, मग पकडलेल्या चोराचा हात लाल का? प्रश्न अगदी बरोबर होता. त्यातून आपल्याकडे लाल हात मंगलाचा. मेंदी जितकी रंगेल तितकं कौतुक, कुंकवाने भरलेली बोटं सणाची, विडा रंगला की तोंडभर हसू. त्या मुलीला मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. लाल म्हणजे रक्त. खुनी माणूस हाताचं रक्त धुवायच्या आत सापडला, तर त्याला तसं म्हणायचे. पण मग मी त्या शब्दाच्या मागे लागले ती लागलेच.

आधी त्याची बांधणी पाहिली. ‘रेड’ म्हणजे लाल, ‘हँड’ म्हणजे हात, आणि शेवटी जे शेपूट आहे ते ‘ज्याचा आहे असा’ हे सांगणारं. ज्याचा हात लाल आहे असा. ही आपल्या ओळखीची घडण आहे. ज्याच्या हाती चक्र आहे तो चक्रपाणी, ज्याचं उदर लांब आहे तो लंबोदर. पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनी असल्या शब्दांसाठी नाव शोधलं तेव्हा ते संस्कृतातूनच उचललं. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातही अशा समासाला बहुव्रीहीच म्हणतात. व्रीहि म्हणजे भात. ज्याच्याकडे पुष्कळ भात आहे असा माणूस, तो बहुव्रीही. भाताच्या खाचरांनी वेढलेल्या पनवेल तालुक्यात हे सांगताना मला उगाचच अभिमान वाटतो, आणि ती खाचरं दरवर्षी कमी होताना बघून वाईटही वाटतं.

बहुव्रीहीचं वैशिष्ट्य असं की तो अवयव दाखवतो आणि माणूस समजून घ्यायला सांगतो. हात लाल आहे, एवढंच शब्द बोलतो. हा माणूस गुन्हेगार आहे, हे तो म्हणतच नाही; ते ऐकणाऱ्याने जोडायचं असतं.

शब्द स्कॉटलंडचा. तिथल्या कायद्यात तो पंधराव्या शतकापासून आढळतो. पहिल्या जेम्स राजाच्या काळातल्या, १४३२ च्या कायद्यात तो आहे. तेव्हा रूप नुसतं ‘रेड-हँड’ असं होतं, शेपटाशिवाय. माणूस ‘लाल हाताने’ सापडला, असं म्हणायचे. पुढे १६७४ मध्ये सर जॉर्ज मॅकेन्झी या स्कॉटिश कायदेपंडिताने फौजदारी कायद्यावरच्या आपल्या ग्रंथात तो वापरला. त्या काळी स्कॉटलंडात न्याय करण्याचे अधिकार अनेक ठिकाणी विखुरलेले होते. मोठे गुन्हे राजाच्या न्यायालयाचे. पण खुनी लाल हाताने सापडला, तर स्थानिक शेरीफलाही त्याचा निवाडा करता येई, आणि तो लगोलग करायचा असे. म्हणजे हा शब्द वर्णनापुरता नव्हता. हात लाल आहे की नाही, यावर कुणी न्याय करायचा आणि किती घाईने करायचा, हे ठरत होतं.

घाईचं कारण उघड आहे. रक्त वाळतं, धुतलं जातं. आमच्याकडे कर्नाळ्याच्या रानात उन्हाळ्यात करवंदं होतात. दुसऱ्याच्या जाळीवर हात मारून आलेल्या पोराची बोटं चिकाने चिकट आणि काळपट झालेली असतात, आणि त्याची आई त्याला काहीएक न विचारता आधी हात पुढे करायला सांगते, कारण तासाभराने तो माती लावून, पाण्याने घासून ते साफ करणार हे तिला माहीत असतं. स्कॉटलंडच्या कायद्याला तीच धास्ती होती. आज हात दिसतोय, उद्या फक्त माणसांच्या तोंडच्या गोष्टी उरतील.

कायद्याच्या पोथीतून हा शब्द घराघरात गेला तो वॉल्टर स्कॉटमुळे. स्कॉट नुसता कादंबरीकार नव्हता. तो वकील होता, १७९९ पासून सेलकर्कशायरचा शेरीफ-डेप्युट होता. हे शब्द त्याच्या रोजच्या वापरातले. १८१९ च्या अखेरीस आलेल्या ‘आयव्हॅनहो’ कादंबरीत त्याने तो घातला, आणि जुन्या ‘रेड-हँड’ला मागचं शेपूट लागलेलं आपल्याला तिथे भेटतं. कादंबरी जगभर वाचली गेली आणि शब्द तिच्याबरोबर गेला. ज्या पात्राच्या तोंडी तो येतो, ते पात्र असा पकडलेल्या एका माणसाला आपण किती क्रूर शिक्षा दिली, हे अगदी सहज सांगून टाकतं. रक्ताने माखलेल्या हाताचा पुरावा आणि त्याबरोबर येणारा निर्दयपणा, दोन्ही स्कॉटने एका वाक्यात एकत्र ठेवले. त्याला तो धंदा आतून ठाऊक होता, म्हणून ते जमलं असावं.

पुष्कळांना हा शब्द आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या लाल हातावरून आला असं वाटतं. अल्स्टरच्या निशाणावर लाल पंजा असतो. त्याची दंतकथा अशी की किनाऱ्याला ज्याचा हात आधी लागेल त्याचं राज्य, अशी पैज लागली, तेव्हा एकाने स्वतःचा हात तोडून किनाऱ्यावर फेकला. गोष्ट थरारक आहे, पण शब्दाशी तिचं नातं नाही. कायद्याच्या कागदांत हा शब्द गुन्ह्यासाठीच येतो.

त्याही आधीच्या इंग्रज कायद्यात दोन शब्द होते: ‘हँडहॅबेंड’ आणि ‘बॅकबेरेंड’. एक म्हणजे चोरीचा माल हातात असलेला, दुसरा म्हणजे तो पाठीवर वाहून नेणारा. रोमन लोकांकडे प्रकट चोरी आणि अप्रकट चोरी असा भेद होता. चोरी करताना सापडला तर शिक्षा फार जबर. नंतर सिद्ध झाली तर चोरलेल्याच्या दुप्पट भरपाई. पुढे प्रकट चोरीची शिक्षा सौम्य झाली, तरी ती चौपट राहिलीच. चोरी तीच, माल तोच, मग सापडण्याच्या वेळेवरून शिक्षा का बदलावी? हेन्री मेनने ‘एन्शंट लॉ’ या १८६१ च्या ग्रंथात याचं उत्तर दिलं आहे. जुन्या काळचा कायदा गुन्हा मोजत नव्हता, ज्याचं गेलं त्याचा राग मोजत होता. घरात चोर हाती लागला तर मालक त्याला तिथेच ठार करील. महिन्यांनी कळलं तर पैशांवर समजूत पटेल. कायद्याने त्या रागालाच आकडे दिले. हाच मेन ग्रंथ छापल्यानंतर लगेच, १८६२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कौन्सिलातला कायदा सदस्य म्हणून हिंदुस्थानात आला आणि १८६९ पर्यंत इथे राहिला.

आपल्याकडची तरतूद मला याहून जास्त विचारी वाटते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात राजाला सांगितलं आहे की चोरीचा माल सापडल्याशिवाय चोराला देहदंड देऊ नये. माल आणि चोरीची हत्यारं दोन्ही सापडली तर मात्र कचरू नये. मालासकट सापडलेल्याला तिथे ‘सहोढ’ म्हटलं आहे. तोही बहुव्रीहीच. आपल्या पोलीस ठाण्यातला ‘मुद्देमालासह’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला, पण तो तेच सांगतो. मनुस्मृतीतल्या बाकीच्या शिक्षांबद्दल मला मुळीच प्रेम नाही. जातीवर बेतलेला तिचा न्याय अन्यायच आहे. पण हातात काही दिसल्याशिवाय मारू नकोस, हे राजाला सांगणारा तो नियम चांगला आहे, आणि चांगला आहे म्हणून सांगायला हवा.

आणि नुसता रंग दिसला म्हणून भागत नाही, हेही आता आपलं न्यायालय सांगतं. लाचेच्या खटल्यात नोटा मिळाल्या, हात धुतल्यावर पाणी गुलाबी झालं, एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. त्या माणसाने पैसे मागितले होते, हे सिद्ध व्हावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, २०१४ च्या जयराज खटल्यात अगदी स्पष्टपणे, आणि २०२२ मध्ये घटनापीठानेही मागणीचा पुरावा अनिवार्य मानला. लाल हात हा प्रश्नाचा आरंभ झाला, निवाडा झाला नाही, असा याचा अर्थ. पाच-सहाशे वर्षांत शब्द तोच राहिला आणि त्याच्यावरचा कायद्याचा विश्वास कमी झाला. मला ही माणसाची मोठी कमाई वाटते.

इथवर आल्यावर मला माझ्याच गावाकडे वळावं लागलं. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचं गाव. ४ नोव्हेंबर १८४५ ला ते इथे जन्मले. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने तो किल्ला घेतला. ज्या सुळक्याकडे बघत हे मूल वाढलं, तो घराण्याच्या हातून गेलेला होता. पुढे कल्याण, मुंबई, पुणे. रेल्वेत, मग लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी. आई आजारी पडली तेव्हा रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते पोचेपर्यंत ती गेली होती, हे त्यांच्या चरित्रातलं सर्वांना ठाऊक असलेलं दुःख. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं, लहुजी वस्तादांची तालीम, वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह काढलेली शिक्षणसंस्था, जी आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून उभी आहे. आणि मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ, ज्याने दख्खन उजाड केलं. फडके त्या मुलखातून पायी हिंडले. लोक मरत होते आणि सारा वसूल होत होता.

१८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी रामोशी साथीदारांना घेऊन शिरूरकडच्या धामारीवर पहिला दरोडा घातला. पैसा उभा करायचा, माणसं जमवायची, दळणवळण तोडायचं आणि इंग्रजांचं राज्य उलथायचं, असा बेत. मे महिन्यात त्या साथीदारांपैकी दौलतराव नाईकाची टोळी कोकणात उतरली आणि १०-११ मेला पळस्पे आणि चिखली इथे दरोडे पडले. सुमारे दीड लाखांची लूट झाली. पळस्पे म्हणजे आमच्या शेजारचंच. त्या वाटेने मी आज भाजी आणायला जाते. घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने दौलतरावाला गाठलं, आणि तो तिथे गोळी लागून मेला. फडके दक्षिणेकडे गेले, श्रीशैलला पोचले. जुलैमध्ये, आजारी आणि थकलेले असताना, विजापूरकडच्या देवरनावडगी गावात डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना रात्री झोपेत पकडलं.

ते रंगेहाथ सापडले का? हात रक्ताने लाल नव्हता. समोर लूट पसरलेली नव्हती. धामारीची गोष्ट पाच महिने जुनी झाली होती. स्कॉटलंडच्या जुन्या शेरीफने त्यांना लाल हाताचा म्हटलंच नसतं. सरकारपाशी जो ठोस पुरावा होता तो त्यांच्या अक्षरात होता. श्रीशैलला असताना त्यांनी आत्मवृत्त लिहिलं होतं, आणि रोजनिशीही ठेवली होती. या वह्या सरकारच्या हाती लागल्या आणि पुण्याच्या खटल्यात मांडल्या गेल्या. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूने उभे राहिले. ज्या काळात फडक्यांचं नाव उघड घ्यायलाही लोक कचरत होते, त्या काळात हे वकीलपत्र घेणं किती धैर्याचं होतं, हे आपण पुरेसं सांगत नाही. पण काका काय करणार? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात आरोपीला एक ढाल होती: पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. स्वतःहून, कुणी न सांगता, आपल्याच वहीत लिहिलेल्या मजकुराला ती ढाल नव्हती. राजाविरुद्ध युद्धाचा यत्न, राजद्रोह, दरोडे. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला धाडलं.

बाकी बंडखोरांचे हात रक्ताने ओळखले जातात. हा माणूस शाईने ओळखला गेला. सरकारच्या कचेरीत कारकुनी करताना जी लिहायची सवय लागली, तिनेच त्याला फासात अडकवलं असं कुणी म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. त्या वह्यांचा जो मजकूर आपल्यापर्यंत पोचला आहे तो वाचला की दिसतं, त्यांना सापडण्याची भीती नव्हती. आपण काय करायला निघालो, कुठे फसलो, हे कुणाला तरी कळावं अशी निकड होती. यश आलं नाही म्हणून ते देशबांधवांची क्षमा मागतात. दरोडे घालणारा माणूस दरोडे का घातले, हे इतक्या सरळपणे लिहितो, की वाचताना आपलीच मान खाली जाते.

आणि एक गोष्ट मला फार हलवून जाते. त्या वह्या आरोपीच्या घरी राहिल्या असत्या तर कदाचित वाळवीने खाल्ल्या असत्या, भीतीने जाळल्या गेल्या असत्या. पुरावा म्हणून सरकारने त्या जप्त केल्या, त्यांचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, दफ्तरी ठेवलं. १९५७ मध्ये मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात हे भाषांतर आलं. ज्या कागदांनी त्यांना एडनला पाठवलं, त्याच कागदांमुळे त्यांचा आवाज उरला. मराठी माणसाचं मनोगत इंग्रजीतून वाचावं लागतं, याचं दुःख आहेच. पण ते आहे, याचं मोल त्याहून मोठं.

पनवेलच्या नाट्यगृहाला फडक्यांचं नाव आहे, ‘आद्य क्रांतिवीर’ या बिरुदासह. सरकारी कागदांत तोच माणूस दरोडेखोर. पुरंदर तालुक्यातल्या भिवडीच्या उमाजी नाईकांनाही लोक आद्य क्रांतिवीर म्हणतात. ते १८३२ मध्ये, फडक्यांच्या जन्माच्या तेरा वर्षं आधी, फासावर गेले. आद्य कोण, यावर वाद घालणारे घालोत. मला दोघांनाही तो शब्द द्यावासा वाटतो, आणि तारखेने बघितलं तर उमाजींचा मान आधीचा.

उमाजी रामोशी होते. दौलतराव नाईक रामोशी होते. आणि याच समाजाच्या वाट्याला आणखी एक विशेषण आलं, ज्याच्यापुढे मला ‘रंगेहाथ’ हा शब्द अगदी सज्जन वाटू लागला. ते विशेषण म्हणजे ‘जन्मजात गुन्हेगार’. १८७१ मध्ये इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा देशभर, मुंबई इलाख्यातही पसरली. जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर करायच्या, माणसांची नावनोंदणी आणि बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडू द्यायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआडची वसाहत होती. तिचं ‘सेटलमेंट’ हे नाव तिथल्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे. १९५२ च्या ३१ ऑगस्टला हा कायदा गेला, आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत.

‘रंगेहाथ’ म्हणणाऱ्याला हात बघावा लागतो. कुणाचा, कधी, कशाने रंगलेला, हे सांगावं लागतं. हात स्वच्छ निघाला तर त्या माणसाला सोडून द्यावं लागतं. ‘जन्मजात’ म्हणणारा कुणाचा हात बघतच नाही. पाळण्यातल्या पोराच्या मुठी उघडायची त्याला गरज वाटत नाही. स्कॉटलंडच्या रानटी म्हणवल्या जाणाऱ्या पंधराव्या शतकाने जो एक प्रश्न विचारला होता, म्हणजे दिसलं काय, तो प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या सुधारलेल्या राज्यकर्त्यांनी लाखो माणसांबाबत विचारायचं सोडून दिलं. आणि कायदा गेल्यावरही ती नजर गेलेली नाही. गावात चोरी झाली की आधी कुठल्या पालांवर जाऊन उभं राहायचं हे ठरलेलं असतं. आपल्यापैकी कितीजणांनी त्यावर हरकत घेतली? मुलांना ‘रेड-हँडेड’चा अर्थ शिकवताना मी आता त्याच्या शेजारी हा दुसरा शब्दही ठेवते. एक शब्द पुराव्याशिवाय उच्चारता येत नाही, दुसरा पुराव्याची अडचणच मानत नाही, हे त्यांना कळलं पाहिजे.

फडक्यांच्या लिखाणातही एक जागा अशी आहे जिथे मी थांबते. बरोबरच्या रामोश्यांबद्दल ते निराशेने लिहितात. त्यांचं लक्ष लुटीकडे होतं, उद्देशाकडे नव्हतं, असा त्यांचा सूर आहे. एकाकी पडलेल्या, हरत चाललेल्या माणसाचा तो त्रागा मला समजतो. पण दुष्काळात घरी चूल बंद असलेल्या माणसाने लुटीतल्या धान्यापैशाकडे बघावं, यात मला काही हीन दिसत नाही. ज्याची पोरं उपाशी आहेत त्याच्यासाठी तोच उद्देश होता. आणि फडके पगार घेत होते, लिहीत होते. दौलतरावाने स्वतःबद्दल लिहिलेलं असं पान माझ्या पाहण्यात नाही. तो पळस्प्याच्या वाटेने आला, लूट घेऊन घाटाकडे निघाला आणि मारला गेला. कायद्याच्या जुन्या भाषेत खराखुरा सहोढ, मालासकट सापडलेला, असा कुणी असेल तर तो. त्याला खटला मिळाला नाही, वकील मिळाला नाही, क्षमा मागायला किंवा आपली बाजू सांगायला वही मिळाली नाही. फडक्यांना एडनच्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांसकट उखडून पळता आलं, पुन्हा पकडलं गेल्यावरही १७ फेब्रुवारी १८८३ पर्यंत झुंजत मरता आलं, आणि ते सगळं नोंदलं गेलं. ही नोंद आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी.

दौलतरावाची बाजू मात्र कागदावर शोधत बसण्यात अर्थ नाही. ती ऐकायची तर पुरंदर, जेजुरी, भोरकडच्या रामोशी वस्त्यांवर जाऊन, आजे-पणजे काय सांगत होते, हे जुन्या माणसांना विचारायला हवं. पावसाळा सरला की मी जाणार आहे. बरोबर संध्याकाळच्या वर्गातली दोन मोठी मुलं येतो म्हणाली आहेत; लिहून घ्यायचं काम त्यांचं.